कायाकमधून स्ट्रायपर: रॅरिटन बेमध्ये नव्याने उतरणाऱ्यांनी ल्युअर कुठले घ्यायचे आणि ते चालवायचे कसे

न्यू जर्सीत एडिसन, वुडब्रिज, ओल्ड ब्रिज या पट्ट्यात आपले भरपूर लोक राहतात आणि तिथून गाडीने फार लांब नाही अशी रॅरिटन बे आहे, जिथे मार्च ते मे या काळात स्ट्राइप्ड बास, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसतं स्ट्रायपर म्हणतात तो मासा, हडसन नदीत अंडी घालायला जाण्याआधी आणि नंतर पोट भरायला येतो. कोकणात खाडीवर गरवायला गेलेल्या माणसाचे हात इथे शिवशिवणारच. बोट घेणं, ती ठेवायला जागा, ट्रेलर, इंजिन हे सगळं आवाक्याबाहेर असेल तर कायाक, म्हणजे पॅडलने चालवायची अरुंद छोटी होडी, हा खरंच उत्तम मार्ग आहे आणि या लेखात मुख्यतः ल्युअरबद्दल, म्हणजे गळाला लावायच्या नकली आमिषाबद्दल लिहितोय, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ तिथेच घालवतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ल्युअरबद्दलचा बराचसा सल्ला किनाऱ्यावर उभं राहून लांब फेकणाऱ्यांसाठी असतो. त्यांना अंतर लागतं म्हणून ते मोठा रॉड, जड ल्युअर, दोन-तीन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ लावलेले प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचे कडक ल्युअर वापरतात. कायाकमध्ये तुम्ही आवाज न करता माशाच्या जवळ जाऊ शकता, त्यामुळे लांब फेकायची गरजच नाही, तीस-चाळीस फूट पुष्कळ झाले. उलट तुम्ही पाण्यापासून अगदी खाली बसलेले असता, मासा वर आला की तो थेट तुमच्या मांडीशी येतो, आणि तेव्हा त्याच्या तोंडातून सहा उघडी टोकं लटकत असतील तर ती तुमच्या हातात किंवा पायात घुसायला वेळ लागत नाही. म्हणून कायाकसाठी ल्युअर निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, ब्रँडचा नाही, गळ किती आहेत हा आहे. एक गळ असलेला ल्युअर घ्या. प्लग घेतलात तर ट्रेबल काढून सिंगल गळ लावा आणि टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. लाइन ताणलेली ठेवलीत तर मासा त्याने सुटत नाही.

उतरण्याआधी

न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यात मासेमारीला पैसे देऊन लायसन्स लागत नाही पण १६ आणि त्यावरच्या वयाच्यांना सॉल्टवॉटर रजिस्ट्रीत नाव नोंदवावं लागतं, ते फुकट आहे, ऑनलाइन होतं आणि दरवर्षी नव्याने करायचं असतं. खाडीतला सीझन १ मार्चला उघडतो. दिवसाला एकच स्ट्रायपर ठेवता येतो आणि तोही २८ ते ३१ इंचांच्या मधला, त्यापेक्षा लहान सोडायचा आणि मोठाही सोडायचा. खरं आमिष, म्हणजे मासा, किडा असं काहीही, जिवंत, मेलेलं किंवा कापलेलं, लावणार असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ सक्तीचा आहे. हुक मारून मासा वर घ्यायची ती गॅफ, ती चालत नाही. हे नियम मधेमधे बदलतात म्हणून दर सीझनला राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफच्या साइटवर बघून घ्या.

एवढी बंधनं का, तर हा मासा एकदा जवळजवळ हातचा गेला होता. १९८०च्या दशकात संख्या इतकी घसरली की मेरीलँडने १९८५ ते १९९० स्ट्रायपर पकडणंच बंद केलं होतं, मग तो सावरला, १९९५ मध्ये सावरल्याचं जाहीर झालं, आणि २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं की साठा गरजेपेक्षा खाली गेलाय. आता तो २०२९पर्यंत भरून काढायचं उद्दिष्ट आहे. मोठ्या माद्या भरपूर अंडी घालतात, म्हणून ३१ इंचांच्या वरचं सगळं परत पाण्यात.

पाणी आणि वारा, हे नीट वाचा

मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी बाहेर छान सत्तर फॅरेनहाइट असतं, लोक टी-शर्टवर उतरतात, पण पाणी तेव्हा चाळिशीत-पन्नाशीत असतं. कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे. इथे १-१०-१ असं सांगतात: पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, माणूस आपोआप धापा टाकतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं, नंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि एका तासाच्या आसपास शरीर गार पडून शुद्ध हरपायला लागते. त्यामुळे वसंतात उतरायचं तर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा सूट, आत गरम कपडे, आणि लाइफ जॅकेट अंगात घातलेलं, सीटमागे खोचलेलं नाही. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये २१ फुटांखालच्या बोटींवर १ नोव्हेंबर ते १ मे लाइफ जॅकेट घालणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण कायदा असो नसो, बारा महिने घाला. ड्रायसूटचा खर्च जड वाटत असेल तर सरळ मेअखेरपर्यंत थांबा किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला उतरा, तेव्हा पाणी बऱ्यापैकी उबदार असतं आणि मासा परतीच्या वाटेवर असतो.

दुसरी गोष्ट वारा. कीपोर्ट, युनियन बीच, लॉरेन्स हार्बर हा सगळा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. म्हणजे दक्षिणेकडून वारा असला की किनाऱ्याजवळ पाणी आरशागत सपाट दिसतं, कारण वारा जमिनीवरून येतोय, आणि तोच वारा तुम्हाला हळूहळू स्टॅटन आयलंडच्या दिशेने बाहेर ढकलतो, जितकं बाहेर जाल तितक्या लाटा वाढतात आणि परत येताना तोंडावर वारा. उन्हाळ्याकडे दुपारनंतर हा दक्षिणेचा वारा रोजचाच होतो. नवीन असाल तर दहा नॉटच्या वर अंदाज असेल त्या दिवशी उतरू नका, पहाटे उतरा आणि अकराच्या आत बाहेर या. ओहोटीचा ओढ आणि समोरून वारा अशी जोडी जमली की दहा नॉटसुद्धा खूप होतात. उधाणाच्या दिवसांत म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला हा ओढ आणखी जोरात असतो, भांगाला कमी.

शिटी गळ्यात, वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ जॅकेटला अडकवलेला आणि त्यावरचा संकटात मदत मागायचा चॅनल १६ माहीत असलेला, मागे उंच केशरी झेंडा, आणि घरी कुणालातरी कुठे उतरणार, कधी येणार हे लिहून पाठवलेलं. बोटींच्या चॅनलमध्ये बसून मासे पकडायचे नाहीत, हायलँड्स आणि अटलांटिक हायलँड्सहून मॅनहॅटनला जाणाऱ्या फेरीबोटी प्रचंड वेगात येतात. लिओनार्डोजवळचा नौदलाचा लांबलचक धक्का दिसेल, त्याच्या जवळपास जायला बंदी आहे, लांबूनच वळा. आणि पहिला मासा धरायला जाण्याआधी एखाद्या उबदार तळ्यात मुद्दाम कायाक उलटी करून परत वर चढायचा सराव करा, हा सराव झालेला नसेल तर खाडीत जाऊ नका.

रॉड आणि लाइन, थोडक्यात

सात फुटी मिडियम-हेवी स्पिनिंग रॉड, ४००० साइजच्या आसपासचं रील, ३० पौंडाची ब्रेड म्हणजे विणलेली लाइन, पुढे दोन-तीन फूट ३० पौंडाची फ्लुरोकार्बन लीडर, जोडायला डबल युनी गाठ, आणि टोकाला ल्युअर पटकन बदलता यावा म्हणून एक लहान मजबूत क्लिप. बस. एकाच रॉडने सुरुवात करा, दोन रॉड असले की एक नेहमी भलत्या ठिकाणी अडकतो. रॉड, पक्कड, पॅडल या सगळ्यांना दोरी बांधा.

पहिला ल्युअर: जिगहेडवरचा पॅडलटेल

तुम्ही एकच ल्युअर घेणार असाल तर हा घ्या. रबरी मासा, चार ते सहा इंच, शेपटीला चपटा पंजा, आणि नाकात शिशाचं डोकं असलेला एकच मोठा गळ. रॅरिटन बेचा बराच भाग आठ ते पंधरा फूट खोल आहे, तिथे अर्धा औंस ते एक औंस वजन पुरतं. नियम साधा आहे, तळाला टेकेल असं सगळ्यात हलकं वजन. जड डोकं लावलं की ल्युअर दगडासारखा खाली जातो आणि शेपटी हलतच नाही.

चालवायचा कसा: प्रवाह जिकडून येतोय तिकडे थोडं तिरपं फेका, कारण स्ट्रायपर प्रवाहाकडे तोंड करून बसतो आणि खाणं वाहत आपल्याकडे यायची वाट बघतो. ल्युअर पाण्यात पडला की लाइन सुटू द्या पण बोटाने हलकी धरून ठेवा, तळाला टेकल्यावर ती सैल पडते. तिथून रील फिरवायला सुरुवात करा, इतकी हळू की रॉडच्या टोकाला शेपटीची थरथर जेमतेम जाणवेल. ती थरथर हाच तुमचा स्पीडोमीटर. थरथर थांबली तर जरा वाढवा, टोक सतत वाकलेलं राहिलं तर तुम्ही घाईत आहात. पाच-सहा वेळा रील फिरवा, थांबा, पुन्हा तळाला जाऊ द्या, पुन्हा फिरवा. पुष्कळदा मासा तो खाली पडत असतानाच घेतो आणि तेव्हा धक्का बसत नाही, फक्त लाइन जिथे थांबायची त्याच्या आधीच थांबते किंवा बाजूला सरकते. असं झालं की लगेच रील फिरवून लाइन घट्ट करा आणि रॉड ठामपणे मागे घ्या.

मार्चमध्ये पाणी गार असताना मासा चिखलाच्या उथळ पट्ट्यावर येतो कारण उन्हाने तो पट्टा आधी तापतो. तेव्हा चार इंची ल्युअर, आणि वेग तुम्हाला कंटाळा येईल इतका कमी. एप्रिलच्या पुढे बंकर, म्हणजे स्ट्रायपर ज्याच्या मागे येतो तो मासा, आला की सहा इंची आणि थोडा जोर. रंगावर डोकं शिणवू नका, गढूळ पाण्यात पांढरा किंवा शार्ट्रूज म्हणजे तो पोपटी-पिवळा, स्वच्छ पाण्यात पाठ गडद आणि पोट चंदेरी. दोन रंग घेतले की झालं.

दुसरा: ट्यूब अँड वर्म

हा कायाकसाठीच बनवलाय असं वाटावं इतका जमतो आणि नवीन माणसाला फेकता येत नसलं तरी चालतं. दीड-दोन फूट लांब रबरी नळी, थोडी वाकडी, लाल किंवा काळी, शेवटी एक गळ आणि त्यावर सँडवर्म या समुद्री किड्याचा तुकडा. ही कायाकच्या मागे साठ-सत्तर फूट सोडायची आणि सावकाश पॅडल मारत जायचं, ताशी दीड ते अडीच मैल, फोनच्या जीपीएसवर वेग बघता येतो. नळी वाकडी असल्यामुळे गोल फिरत जाते. ती सरळ केली तर फिरणार नाही आणि ल्युअर वाया. फिरते म्हणून लाइनला पीळ पडतो, त्यासाठी पुढे चांगला बॅरल स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी जोडणी हवीच. तळापासून थोडी वर राहिली पाहिजे, मधेमधे तळाला घासली तर बरोबर खोलीवर आहात, सारखी अडकत असेल तर वेग वाढवा किंवा लाइन कमी करा.

सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. नळी वळणाच्या आतल्या बाजूला आली की मंदावून खाली जाते आणि बाहेरच्या बाजूला आली की वेग घेते, आणि कुठल्या वळणावर मासा लागला त्यावरून आज त्याला काय वेग हवाय ते कळतं. रॉड होल्डरमध्ये असेल तर ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन किती जोरावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, सैल ठेवा, कारण चांगला मासा लागला की रॉड एका झटक्यात वाकतो आणि घट्ट ड्रॅगने होल्डरच उखडतो. मासा स्वतःच लागतो, वेगळा झटका द्यायची गरज नसते. आमिष लावलेल्या ल्युअरला सर्कल हुकच्या सक्तीतून सूट आहे, पण तेही सीझनच्या नियमांत एकदा बघा.

पायाने चालवायची पेडल कायाक असेल तर ही पद्धत फारच सोपी होते. नसली तरी अडत नाही.

तिसरा: वरच्या पाण्याचा

पृष्ठभागावर स्ट्रायपर ल्युअर घेतो ते बघण्याची मजा दुसऱ्या कशात नाही हे मी छातीठोकपणे सांगतो. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात, पहाटे किंवा ढगाळ वातावरणात, पाणी फार खवळलेलं नसताना मोठा स्पूक प्रकारचा, म्हणजे विडीसारखा लांबट तरंगणारा ल्युअर घ्या, इथे डॉक नावाचा फार चालतो. रॉडचं टोक खाली, मनगटाने लहान लहान झटके आणि प्रत्येक झटक्यानंतर लाइन किंचित सैल, म्हणजे ल्युअर डावीकडे-उजवीकडे नाक वळवत येतो. खाली बसून हे जमायला थोडा सराव लागतो, दहा मिनिटं किनाऱ्याजवळ करून बघा.

एकच चूक सगळे करतात: पाणी फुटलं की लगेच रॉड ओढतात. स्ट्रायपर आधी शेपटीने फटका मारतो, अंदाज घेतो, मग तोंडात घेतो. आवाज झाला तरी ल्युअर चालवत राहा, रॉडवर वजन जाणवलं की मगच ओढा.

बंकर दिसले तर

बंकर म्हणजे मेनहेडन, तेलकट, थव्याने फिरणारा मासा, स्ट्रायपरचं मुख्य जेवण. सपाट पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसली आणि अधूनमधून शेपटी चमकली तर तो बंकरचा थवा आहे आणि तो निवांत आहे. सगळे एकदम एका बाजूला उडायला लागले, थवा घट्ट आवळला, तर खाली स्ट्रायपर आहे. थव्याच्या मधे कायाक घालू नका, कडेला थांबा आणि कडेनेच फेका.

इथे फ्लटर स्पून कामाला येतो, सहा-सात इंची पातळ चमचा. थव्याच्या खाली जाऊ द्या, रॉड जोरात वर उचला, मग टोक खाली आणत त्याला डोलत डोलत पडू द्या, जखमी बंकर पडतो तसाच दिसतो, आणि घेतला जातो तो पडतानाच. जिवंत बंकर गळाला लावायचा असेल तर एक लक्षात ठेवा, थव्यात ट्रेबल टाकून बंकर अडकवला तर त्याच ट्रेबलवर तो खाली सोडून द्यायचा नाही, वर घेऊन सर्कल हुकवर लावायचा. नवीन माणसाने कायाकमध्ये हा उपद्व्याप पहिल्या सीझनला करू नये असं माझं मत आहे, हात बिझी होतात आणि वाऱ्याकडे लक्ष राहत नाही.

शरदात चित्र बदलतं, लहान बंकर आणि नंतर सँड ईल हे बारीक लांबट मासे येतात, तेव्हा ल्युअरही बारीक हवा, तीन-चार इंची पॅडलटेल किंवा पातळ धातूचा जिग. मासा काय खातोय त्या लांबीचा ल्युअर, एवढं सांभाळलं तर रंग चुकला तरी चालतो.

मासा लागल्यावर

ड्रॅग आधीच लाइनच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर लावून ठेवा, ३० पौंडाला सात-आठ पौंड. मोठा मासा कायाक ओढत नेतो, नेऊ द्या, तो त्यातच दमतो. रॉड नेहमी कायाकच्या पुढच्या टोकाच्या दिशेने ठेवा, म्हणजे ओढ लांबीत येते, बाजूने नाही. डोकं दोन गुडघ्यांच्या मधेच राहू द्या, मासा बघायला बाजूला वाकलात की तोल गेला. मासा कायाकखाली गेला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून पुढच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणा. शेवटच्या क्षणी मासा जवळ असताना रॉड उभा आकाशाकडे ओढू नका, तिथेच रॉड मोडतात. आणि ओढत नेताना चॅनलकडे चाललाय असं दिसलं तर लाइन कापायची तयारी ठेवा.

स्ट्रायपरला टोकदार दात नसतात, खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो, फक्त खरखरीत असतो. पण त्याच पाण्यात ब्लूफिश असतो आणि त्याचे दात बोट फाडतात, म्हणून मासा नीट ओळखल्याशिवाय अंगठा घालू नका. पाठीवरचे काटे आणि कल्ल्यांच्या कडाही धारदार आहेत. रबराचं जाळं असलेलं नेट सगळ्यात बरं.

सोडायचा असेल तर शक्यतो पाण्यातच गळ काढा, फोटो काढायचा तर हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, आणि पटकन. इथले मासेमारीचे नियम ठरवणारे सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असं धरून हिशोब करतात, आणि इतके मासे सोडले जातात की तो आकडा मोठा होतो. त्याला ओठाला धरून प्रवाहाकडे तोंड करून सरळ धरा, तो अंगठा चावायला लागला किंवा शेपूट जोरात मारली की मगच हात काढा. उन्हाळ्यात पाणी सत्तरच्या वर गेलं की गरम पाण्यात दमलेला मासा सावरत नाही, तेव्हा स्ट्रायपरच्या मागे जाणं बंद करून फ्लूक हा तळाचा चपटा मासा पकडा.

ठेवायचा असेल तर मोजपट्टीवर तोंड मिटून, शेपूट चिमटीत धरून मोजा, मापात असेल तर तिथेच मारून रक्त काढा आणि बर्फाच्या पिशवीत टाका, कायाकच्या उन्हात तासभर पडलेला मासा कालवणात कळतो. मांस पांढरं आणि घट्ट असतं, रवा लावून तळायला किंवा आंबट तिखटाला छान. फक्त या पाण्यातल्या स्ट्रायपरमध्ये पीसीबी, म्हणजे कारखान्यांतून आलेली विषारी रसायनं असतात म्हणून किती खावा याबद्दल न्यू जर्सीची सरकारी सूचना आहे, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ती जास्त कडक आहे, घरात वाढण्याआधी ती वाचा. कातडी आणि कातडीखालची चरबी, बरगडीजवळचा गडद भाग काढून टाका, पीसीबी चरबीत साठतात, आणि तळण्यापेक्षा ग्रिलवर भाजला तर उरलेली चरबीही खाली गळून जाते.